हाऊजीचा डबा वृद्धाश्रमासाठी: काय ठेवायचं, काय बाजूला काढायचं

हाऊजीचा, म्हणजेच तांबोल्याचा, डबा बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोजागिरीची गच्ची असते. चाळिशीतली पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पेन, भराभर आकडे, मध्येच मसाला दूध. तोच डबा वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये उघडला की पंधरा मिनिटांत अर्धी मंडळी तिकीट मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागतात. मग कार्यालयात शेरा लिहिला जातो, ‘आजी-आजोबांना इंटरेस्ट नाही.’ इंटरेस्ट असतो. तिकिटावरचा आकडा दिसत नसतो.

खेळ म्हणून हाऊजी अशा जागी फार सोयीची आहे. बसल्या जागी होते, भिडू जमवावे लागत नाहीत, आणि सगळा नशिबाचा मामला असल्यामुळे हरल्याची लाज कुणालाच नसते. ऐकणं, शोधणं आणि हात हलवणं ही तिन्ही कामं एकाच वेळी होतात. म्हणून डबा घ्यावा, पण त्यातलं निम्मं सामान बदलायच्या तयारीने.

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. एक दोन-चारशे रुपयांतला: नव्वद प्लॅस्टिकच्या चकत्या, त्या मांडायची फळी आणि तिकिटांचं पॅड. दुसरा त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा, तारेच्या गोल पिंजऱ्याचा. दांडा फिरवला की आतला एक मणी घरंगळत खाली येतो. (त्या मण्याला ‘गोळी’ म्हणू नका. वृद्धाश्रमात गोळी म्हटलं की सगळे पाण्याचा ग्लास शोधतात.) शिवाय मोबाइलवरची ॲप आहेत. ती फुकट असली तरी महाग पडतात. फोनचा आवाज पातळ असतो, आकडे बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत पुकारले जातात, आणि मुख्य म्हणजे पुकारणाऱ्याचं तोंड दिसत नाही. कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ओठांवरून समजून घेत असतो.

घ्यायचा तर पिंजऱ्याचा घ्या. दांडा फिरवणं हेच एक काम आहे आणि ते रहिवाशांना देता येतं, दर दहा मण्यांनी हात बदलायचा. अर्धांगवायूने कमजोर झालेला हात दांड्यावर आणि चांगला हात त्याच्यावर, अशी जोडी चालते. पिंजरा हलका असल्यामुळे टेबलावर सरकतो. खाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं चौघडी घालून ठेवलं की जागचा हलत नाही. स्टँडचे दोन स्क्रू महिन्याभरात ढिले होतात, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर डब्यातच ठेवावा. जाळीचा खडखडाट बहुतेकांना आवडतो, मान आपोआप तिकडे वळते. मात्र श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला पिंजऱ्याशेजारी बसवू नका, तोच आवाज त्याच्या कानात दगडासारखा आदळतो.

आता मणी. बोराएवढा मणी आणि त्यावर त्याहून बारीक आकडा. पुकारणाऱ्या बाईंचंही वय पन्नाशीपुढचं असलं तर खेळ तिथेच अडतो. इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ, अठरा आणि एक्क्याऐंशी, एकोणीस आणि एकसष्ट, अडुसष्ट आणि एकोणनव्वद ही उलटसुलट होणारी जोडपी आहेत. आकड्याखालची रेघ वापरून पुसली गेली की नेमकी त्यांचीच गफलत होते आणि ‘माझं घर भरलं होतं’ म्हणून भांडण लागतं. डबा आल्या दिवशीच या आठ मण्यांवर पक्क्या मार्करने रेघ ओढून घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेली माणसं गटात असतील तर मणी त्यांच्या हाताला लागता कामा नयेत. दिसायला लिमलेटची गोळी, आकार घशात अडकेल असा.

तिकिटांचं पॅड सरळ बाजूला काढा. नेहमीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ उभे रकाने, म्हणजे सत्तावीस घरं, आणि त्यांत पंधरा आकडे. ते तळहाताएवढ्या गुलाबी नाहीतर फिक्या निळ्या कागदावर बसवलेले असतात. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला गुलाबीवर निळी अक्षरं म्हणजे कोरा कागद. त्यात आकडा खोडायला पेन लागतं, आणि कंपवाताने थरथरणाऱ्या हाताची रेघ तीन घरांतून जाते.

त्याऐवजी तिकिटं घरीच करावीत. सहा आकड्यांचं तिकीट, वरच्या ओळीत तीन, खालच्या ओळीत तीन, आणि खेळ एक ते तीसपर्यंतचाच. आकड्यांसाठी भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची जुनी पानं कापा. फेब्रुवारी सोडून कोणत्याही महिन्याच्या पानावर १ ते ३० सगळे असतात. चार महिन्यांची पानं कापली की प्रत्येक आकडा चारदा मिळतो, म्हणजे एकशेवीस आकडे, म्हणजे बरोबर वीस तिकिटं. बाहेरच्या कडेची तिथी-वार, संकष्टीचे बारीक ठसे कापून टाका, नाहीतर नजर त्यातच गुंतते. ए-फोर आकाराच्या जाड पुठ्ठ्यावर फिका पिवळा कागद, त्यावर आकडे, आणि घरांमध्ये बोटभर जाडीच्या काळ्या रेघा. आकडा निदान दोन सेंटिमीटर उंच हवा, तीन असला तर उत्तम. कॅलेंडरचे आकडे लहान असतील तर जाड मार्करने हाताने लिहा. लाल रंगातले रविवारही काळ्याने गिरवा.

हमखास चूक होते ती लॅमिनेशनची. टिकाऊ व्हावं म्हणून चकचकीत प्लॅस्टिक चढवतात आणि ट्यूबलाइटचा पट्टा नेमका मधल्या घरावर चमकतो. आजी तिकीट तिरकं करत राहतात, वरच्या खुणा घसरून पडतात. मॅट लॅमिनेशन मिळतं, ते करा. नाही मिळालं तर उघडंच राहू द्या आणि वर्षाने नवं करा, कॅलेंडर दरवर्षी येतंच.

आकडे देवनागरी की इंग्रजी, हे गट बघून ठरवा. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना देवनागरी जवळचे, बँकेत आयुष्य काढलेल्या काकांना इंग्रजी. देवनागरीत १ आणि ९ अधू नजरेला सारखे दिसतात, त्यामुळे ९चं पोट ठळक काढावं. एकाच तिकिटावर दोन्ही लिप्या छापू नयेत, गर्दी होते.

खूण ठेवायला चिंचोके ही आपली जुनी रीत. वृद्धाश्रमात ती सोडावी. चिंचोका गुळगुळीत, पुठ्ठ्यावरून घसरतो, आणि भाजलेले चिंचोके खाण्याची सवय लहानपणापासूनची असते. एक रुपयाचं नाणं सांधेदुखीच्या बोटांना टेबलावरून उचलता येत नाही. सगळ्यांत चांगली ती पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. कडेला खाचा असल्यामुळे पकडता येतात आणि वाजतही नाहीत. एकाच गडद रंगाची घ्या, प्रत्येकी सहा मोजून द्या, गरम पाण्यात साबणाने धुऊन ठेवा. झाकणंही तोंडात घालणारी व्यक्ती असेल तर तिच्या तिकिटाला वेल्क्रोचे तुकडे आणि तळहाताएवढ्या चकत्या. थरथर जास्त असेल तर तिकीट उंच कडांच्या स्टीलच्या ताटात ठेवा, सरकलेलं झाकण निदान जमिनीवर जात नाही.

वेळेचं गणित आधी करून ठेवावं. नव्वद आकड्यांचा पूर्ण खेळ, वीस तिकिटं असली तर पहिलं फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे भरणं) साधारण सत्तर ते पंचाहत्तर आकड्यांच्या आसपास लागतं. दोन आकड्यांमध्ये पंचवीस सेकंद दिले तर अर्धा तास नुसता पुकारण्यात जातो, बक्षिसं आणि तपासणी वेगळी. थकलेल्या माणसाला तो फार होतो. सहाच्या तिकिटाचा तीसचा खेळ वीस तिकिटांत अठरा-वीस आकड्यांना संपतो. तीस सेकंदांची सवड दिली तरी दहा मिनिटं. दोन डाव, मध्ये पाणी, आणि मंडळींना आणखी हवं असतानाच थांबायचं.

पुकारण्यात सगळा जीव आहे. वयाबरोबर कानातून आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यात ‘स’ आणि ‘श’ पहिले. म्हणून ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. जोराने ओरडून उपयोग नाही, ओरडल्याने स्वर वाढतो आणि व्यंजन तिथल्या तिथेच राहतं. त्यातून मराठी आकडे म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर ही सगळी भावंडं. आकडा दोनदा, दोन तऱ्हांनी सांगावा: ‘त्रेसष्ट. साठ आणि तीन, त्रेसष्ट.’ २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हीच ‘साठ तीन’ची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला होता. मुलांचं काय ते तज्ज्ञ बघतील, ऐंशीच्या कानाला मात्र ती फार कामाची आहे.

तोंडाने सांगताना आकडा दाखवायचाही. डब्यातली फळी पुकारणाऱ्याशिवाय कुणालाच दिसत नाही. त्यापेक्षा भिंतीला दोरी बांधा, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या कार्डांवर १ ते ३० लिहा, आणि निघालेलं कार्ड कपड्याच्या चिमट्याने दोरीवर अडकवत जा. उशिरा जागा झालेला माणूसही मागचे आकडे बघून तिकीट भरू शकतो आणि ‘तुम्ही तो आकडा बोललाच नाहीत’ ही तक्रार बंद होते. दोरी खुर्चीवरून हात पोचेल इतक्या उंचीवर असली तर चिमटा लावायचं कामही एखाद्या आजोबांना द्यावं. चिमटा दाबणं हा अंगठ्याचा चांगला व्यायाम आहे.

आता मदतनीस. सहा ते आठ जणांमागे एक माणूस लागतो, आणि त्याला आवरणं हे मुख्य काम. आकडा पुकारला जातो, आजींचा हात झाकणाकडे जातो, झाकण उचललं जातं, तिकिटावर येऊन अधांतरी थांबतं. नजर वरच्या ओळीवरून फिरते, खालच्या ओळीवर येते. एवढ्यात मावशी वाकून म्हणते, ‘हे बघा की, इथे आहे,’ आणि झाकण स्वतःच ठेवून मोकळी होते. झालं, आजींचा खेळ संपला. मनात दहापर्यंत मोजल्याशिवाय बोट दाखवायचं नाही, आणि दाखवलंच तर ओळ दाखवायची, घर नाही: ‘काकू, खालच्या ओळीत बघा बरं.’

हाकही विचारून मारावी. सरसकट ‘आजी’ सगळ्यांना आवडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या मुख्याध्यापिका ‘बाई’ म्हटल्यावर ताठ बसतात. असेच गुरुजी, अण्णा, वहिनी, सिस्टर.

तल्लख आणि विसरभोळी माणसं एका डावात बसवली की एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या अंगावर येतो. उपाय सोपा आहे: तल्लख माणसाला तीन-चार तिकिटं द्या. निवृत्त कारकुनाला चार तिकिटं सांभाळताना घाम फुटतो आणि शेजारचं एक तिकीटवालं माणूस निवांत जिंकतं. नाहीतर नव्वदचा खेळ आठवड्यातून एकदा वेगळा ठेवा. त्यात जल्दी पाच (पहिले पाच आकडे), चार कोपरे, तिन्ही ओळी, ही सगळी बक्षिसं येऊ द्या.

नव्वदच्या खेळात आकड्यांना सालं जोडण्याची गंमत करता येते. एकसष्टला पानशेतचा पूर आणि गोव्याची मुक्ती, सदुसष्टला कोयनेचा भूकंप, बहात्तरला दुष्काळ, ब्याऐंशीला गिरण्यांचा संप, त्र्याऐंशीला कपिलदेवचा विश्वचषक. पण ‘आठवतं का?’ असा प्रश्न टाकू नये. न आठवणाऱ्याला ती तोंडी परीक्षा वाटते. ‘बहात्तर. सुकडी आणि मिलोची भाकरी,’ एवढं म्हणून थांबावं. ज्याला बोलायचं तो बोलतो, बाकीचे आपलं घर शोधतात. एका डावात चार-पाच सालं पुरेत. पुण्याकडच्या गटात पानशेत जपून घ्या, त्या पुरात संसार वाहून गेलेलं माणूस समोर बसलेलं असू शकतं. शाळकरी वयाचंच काही हवं असेल तर दोन डावांच्या मध्ये पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, घ्यावी. १९५७मध्ये नवे पैसे येण्याआधी शाळेत गेलेल्या पिढीने ही कोष्टकं घोकलेली आहेत. कालचं जेवण न आठवणारा माणूसही एकाने सुरुवात केली की पुढचं कोष्टक सुरात म्हणून जातो.

बक्षीस म्हणून चॉकलेट आणि बिस्किटांचे पुडे येतात आणि हॉलमध्ये निम्मे मधुमेही असतात. गजरा, हातरुमाल, खोबरेल तेलाची लहान बाटली, अंगाच्या साबणाची वडी द्यावी. पैसे लावू नयेत, अगदी रुपयाही नाही. हिशेबाच्या संशयावरून दोन खोल्यांमध्ये महिनाभर अबोला राहतो. पहिलं फुल हाऊस लागल्यावर डाव थांबवायची सक्ती नाही, दुसरं आणि तिसरंही होऊ द्यावं.

वेळ सकाळी साडेदहा ते साडेअकरा. जेवणानंतर डुलकी, आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल ऊन उतरू लागलं की वाढते, तेव्हा नवा खेळ मांडू नये. मावश्यांच्या पाळीची अदलाबदल होते तो अर्धा तासही टाळावा. बसण्याआधी बाथरूमला एक फेरी सगळ्यांची, कारण सकाळची लघवीची गोळी बरोबर दुसऱ्या डावात आपला इंगा दाखवते. चष्मे पुसून, नाव लिहून. खुर्च्या अर्धवर्तुळात, हातवाल्या. खिडकी खेळणाऱ्यांच्या पाठीशी हवी, पुकारणाऱ्याच्या मागे उजेड असला तर त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

हाऊजीआधी अंग मोकळं करायला आठ-दहा मिनिटं फुगा उडवावा. बसूनच, व्हीलचेअरचे ब्रेक लावून, समोरासमोर दीड मीटरवर. फुगा पूर्ण फुगवू नका, थोडा मऊ ठेवला की फुटत नाही आणि संथ येतो. सीलिंग फॅन बंद करायचं लक्षात ठेवा, नाहीतर फुगा पात्यांत जातो आणि तो फटाका ऐकून हृदयरुग्ण दचकतात. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करणं शक्य नसतं, तेव्हा समुद्रावरचा मोठा, हलका प्लॅस्टिकचा चेंडू वापरा, तो मांडीच्या उंचीवर ढकलता येतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मोजून उचला.

कॅरम प्रत्येक देणगीदार देतो. बोर्ड चांगला असतो, पण तो जमिनीवर किंवा ठेंगण्या स्टुलावर ठेवतात आणि गुडघे दुखणारी माणसं उभी राहून बघतात. व्हीलचेअरचे हात खाली जातील इतका उंच स्टँड लागतो. नखाने स्ट्रायकर मारणं सांध्यांना जमत नाही, पेन्सिलीएवढी काठी दिली तर जमतं. खरी भीती पावडरीची. ती फरशीवर सांडते आणि फरशीची घसरगुंडी होते. खाली जुनी चादर, खेळ संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, आणि बोरिक पावडरचा डबा कुलपात, कारण ती पोटात जाणं घातक.

कार्टूनची चित्रं असलेली लहान मुलांची जिगसॉ कोडी कपाटातच राहू द्यावीत. ऐंशी वर्षांच्या माणसासमोर ती ठेवणं हा अपमान आहे, आणि तो त्यांना कळतो. त्यापेक्षा वाती वळणं कितीतरी चांगलं: कापूस, बोटाला किंचित दूध, समोर ताट. ज्यांचा देवाधर्माशी संबंध नाही त्यांच्यासाठी मटारच्या शेंगा. हात चालू राहतात, गप्पा होतात आणि शेवटी कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी तयार होतं. मटार मोजक्याच, आणि गिळायला त्रास असणाऱ्यांपासून दूर.

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, कॉलेजची पोरं येतात, शाली आणि केळी वाटतात, फोटो काढतात. त्यांना आधी कळवा की केळी कमी आणि जुनी कॅलेंडरं जास्त आणा, आणि तिकिटं चिकटवायला बसवा.

डबा उचलून ठेवण्याआधी मणी मोजा. दहा-दहाच्या नऊ रांगा टेबलावर लावायच्या, तीसचा खेळ असेल तर तीन. एक मणी पलंगाखाली गेलेला असतो, आणि त्या आकड्याची वाट बघत पुढच्या मंगळवारी कुणीतरी झाकण हातात धरून शेवटपर्यंत बसून राहतं.